घरविस्ताराचे अंदाजपत्रक : निविदेमागील अर्थशास्त्र



निविदा, अंदाजपत्रक, खर्चवाढ आणि कंत्राट हे शब्द स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात बहुधा धरणे, महामार्ग व रेल्वेमार्ग यांच्या संदर्भात भेटतात. प्रत्यक्षात या संकल्पनांची कसोटी सर्वाधिक वेळा लागते ती सामान्य कुटुंबाच्या घरी. राहत्या घराला एखादी खोली जोडावयाची किंवा त्यावर मजला चढवावयाचा असे ठरते, तेव्हा ते कुटुंब लहान प्रमाणावर शासनाचीच भूमिका वठवत असते. ते दरपत्रके मागविते, त्यांची तुलना करते, करार करते व देयके चुकती करते. फरक एवढाच, की शासनापाशी अभियंते व लेखापरीक्षक असतात, तर कुटुंबापाशी असते ती केवळ आयुष्यभराची बचत. निर्णय चुकला तर अर्धवट मजला आणि वाढलेले कर्ज दोन्ही वाट्याला येतात.

म्हैसूरचा धडा

या विषयासाठी म्हैसूर शहराचे उदाहरण उद्बोधक आहे. १८९७ मध्ये तेथील जुना लाकडी राजवाडा आगीत नष्ट झाला. हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने आखलेला नवा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्याचा खर्च ४१,४७,९१३ रुपये नोंदविला गेला आहे. पुढे १९४० च्या सुमारास दरबार सभागृहाच्या बाजूने त्याचा विस्तारही करण्यात आला. येथे रकमेच्या आकारापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की शतकानंतरही हा खर्च शेवटच्या रुपयापर्यंत सांगता येतो. उलट, मागील वर्षी घरावर मजला चढविलेल्या अनेक कुटुंबांना एकूण खर्च किती झाला हे निश्चित सांगता येत नाही.

याच शहरात १९०३ मध्ये नगरसुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि आखीव वसाहतींची परंपरा रुजली. ३० फूट बाय ४० फूट हा तेथील परिचित भूखंड होय. कुटुंब वाढले की अशा १,२०० चौरस फुटांच्या भूखंडावर वाढण्यास वरची दिशाच उरते. म्हणून पहिल्या मजल्याचे बांधकाम हा तेथील मध्यमवर्गाचा नेहमीचा प्रश्न आहे.

सर्वात कमी दराचा भ्रम

तुलनेतील पहिली अडचण एककाची असते. महाराष्ट्रात वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर बांधकाम क्षेत्राचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. म्हैसूरकडे बांधकामाचा दर पुष्कळदा 'स्क्वेअर'वर, म्हणजे १०० चौरस फुटांवर सांगितला जातो. क्षेत्र चटईचे मोजावयाचे की बांधीव, बाल्कनी व जिना पूर्ण धरावयाचा की अर्धा, हे स्पष्ट नसेल तर समान दिसणारे दोन दर प्रत्यक्षात समान नसतात. इमारतीच्या कामांची मोजणी कशी करावी यासाठी भारतीय मानक १२०० उपलब्ध आहे. करारात त्याचा उल्लेख केल्यास अनेक वाद टळू शकतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे केवळ गणितासाठी गृहीत धरले आहेत. ६०० चौरस फुटांच्या मजल्यासाठी तीन दरपत्रके आली. पहिल्याचा दर १,९०० रुपये, म्हणजे ११,४०,००० रुपये. दुसऱ्याचा २,१०० रुपये, म्हणजे १२,६०,००० रुपये. तिसऱ्याने प्रत्येक कामाचे परिमाण व दर स्वतंत्र लिहून १३,२०,००० रुपयांची बेरीज दिली. पहिला कंत्राटदार स्वस्त भासतो. परंतु त्याने जिना (१,१०,०००), पाण्याची टाकी व नळकाम (८५,०००), वीजजोडणीचे काम (७५,०००) आणि कठडा व गच्चीचे जलरोधन (६०,०००) वगळलेले आहे. ही कामे मिळविल्यास त्याची रक्कम १४,७०,००० रुपये होते. दुसऱ्याने केवळ वीजकाम वगळले असल्याने त्याची रक्कम १३,३५,००० रुपयांवर जाते. तिसऱ्याच्या रकमेत सर्व कामे आधीच अंतर्भूत आहेत. म्हणजेच क्रम पूर्णपणे उलटा झाला. वस्तू व सेवा कर दरात धरला आहे किंवा नाही, हा प्रश्नही तिघांना विचारावयास हवा, कारण साहित्यासह केलेल्या बांधकाम करारावर तो साधारणतः १८ टक्के असतो.

सिद्धांत काय सांगतो?

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की गुणवत्तेची माहिती विक्रेत्यालाच असेल तर बाजारात हलका माल चांगल्या मालाला बाहेर ढकलू शकतो. याच विषमतोल माहितीच्या अभ्यासासाठी २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह मिळाले. गिलाव्याखाली दडलेल्या सळया घरमालकाला दिसत नाहीत. त्यामुळे प्रामाणिक गवंड्याचा योग्य दरही त्याला महाग वाटतो.

दुसरी संकल्पना 'विजेत्याचा शाप' ही होय. अनेक बोलीदारांत ज्याने खर्चाचा सर्वात कमी अंदाज बांधला, त्यालाच काम मिळते. त्यामुळे विजेता हा बहुधा अंदाज चुकलेला बोलीदार असतो. अशा कंत्राटदारापुढे तीन मार्ग उरतात : दर्जा घटविणे, 'जादा काम' दाखवून रक्कम वाढविणे किंवा काम सोडून जाणे. भिंती अर्ध्यावर आल्यानंतर नवा माणूस आणणे खर्चिक असल्याने मालक अडकतो. करारानंतरच्या या अडवणुकीचे विश्लेषण ऑलिव्हर विल्यमसन यांनी केले. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २०१६ मध्ये ऑलिव्हर हार्ट व बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांचा करार सिद्धांतासाठी गौरव झाला. कोणताही करार सर्व शक्यता लिहून ठेवू शकत नाही, हा हार्ट यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

शासनालाही हा अनुभव आला आहे. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत सर्वात कमी दराच्या पद्धतीला पर्याय म्हणून, ठरावीक अटींवर, गुणवत्ता व किंमत या दोहोंवर आधारित निवडीला बांधकामांसाठीही वाव देण्यात आला.

अंदाजपत्रकाची शिस्त

डॅनियल कानेमन व अ‍ॅमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये 'नियोजनभ्रम' ही संकल्पना मांडली. माणूस आपल्या कामाचा वेळ व खर्च सातत्याने कमी धरतो, असा तिचा आशय आहे. जुन्या घरावरील बांधकामात हा धोका अधिक असतो, कारण पायाची क्षमता व जुन्या तुळयांची अवस्था तपासणीआधी अज्ञात असते. म्हणून संरचना अभियंत्याचा अहवाल दरपत्रकाच्या आधी घ्यावा, नंतर नव्हे. वरील उदाहरणात १३,२०,००० रुपयांवर १० टक्के आकस्मिक तरतूद (१,३२,०००) आणि आराखडा, मंजुरी व अभियंत्याचे शुल्क म्हणून ४८,००० रुपये धरल्यास खरे अंदाजपत्रक १५,००,००० रुपयांचे होते. ज्या कुटुंबापाशी १३ लाखच आहेत, त्याने ६०० चौरस फुटांचे काम सुरू करण्याऐवजी क्षेत्र कमी करणे श्रेयस्कर.

देयके तारखेवर नव्हे, तर पूर्ण झालेल्या टप्प्यावर द्यावीत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१५ च्या शहरी आराखड्यात हेच तत्त्व दिसते. त्यातील लाभार्थीप्रणीत बांधकाम घटकात घरविस्तारालाही केंद्राचे १.५ लाख रुपयांचे साहाय्य होते. मात्र किमान ९ चौरस मीटर चटईक्षेत्राची भर ही अट होती व रक्कम कामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी दिली जात असे. खासगी करारातही अंतिम देयकाचा काही भाग राखून ठेवावा. म्हैसूरमध्ये मे महिन्यातील वळीव व ऑक्टोबरमधील पाऊस हे दोन्ही जोरदार असल्याने, गच्चीने हे दोन्ही काळ पाहिल्यावरच ती रक्कम मुक्त करणे शहाणपणाचे ठरेल. काँक्रीटला किती दिवस पाणी मारावयाचे हेही लिहून घ्यावे. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान ७ व मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस आवश्यक आहेत.

कायद्याची चौकट

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मुख्यतः विक्रीसाठी बांधणाऱ्या प्रवर्तकांना लागू होतो. स्वतःच्या घरावर मजला चढविणाऱ्या मालकाला कंत्राटदाराविरुद्ध त्याचा आधार मिळत नाही. त्याचा आधार आहे भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात गृहबांधणीतील सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. मात्र तोंडी ठरलेल्या दराचा पुरावा कोणत्याही आयोगापुढे उभा करणे कठीण असते. लेखी दरपत्रक, परिमाणांची यादी, टप्प्यांचे वेळापत्रक आणि पावत्या हीच खरी ढाल होय.

मित्रहो, सार्वजनिक खरेदीवरील प्रश्न उत्तरपत्रिकेत सोडविताना 'किमान दर' आणि 'किमान एकूण खर्च' यांतील भेद स्पष्ट करावा. हाच भेद ओळखणारे कुटुंब आपली बचत वाचविते आणि हाच भेद ओळखणारा प्रशासक करदात्याचा पैसा वाचवितो.