गांडुळांचें ताट

उंसाची तोड संपली कीं पश्चिम महाराष्ट्रांतील कित्येक शिवारांत रात्रीं आगीच्या रांगा दिसूं लागतात. आगगाडीच्या खिडकींतून पाहणारास तें दृश्य मोठें रमणीय वाटतें. परंतु तेथें जळत असतें तें उंसाचें पाचट, आणि धुराच्या वाटेनें निघून जातें तें जमिनीच्या हक्काचें नत्र. एका हेक्टरामागें आठ-दहा टन पाचट निघतें. तें गांडुळांकरवीं खत करून जमिनीला परत देतां येतें. मात्र त्याची एक रीत आहे. ती न पाळल्यामुळें माझी कशी फजिती झाली, तेंच आज सांगणार आहें.

चार्ल्स डार्विननें १८८१ सालीं गांडुळांवर लिहिलेला ग्रंथ वाचल्यापासून या मुक्या प्राण्याविषयीं मला आदर वाटूं लागला होता. मीं खतासाठीं पाळतात तीं ‘आयसेनिया फेटिडा’ जातीचीं गांडुळें आणविलीं, खड्ड्यांत पाचट, हिरवा पाला व ताजें शेण यांचे थर रचले आणि त्याच सायंकाळीं गांडुळें आंत सोडलीं. चौथ्या दिवशीं उकरून पाहतों तों आंतून वाफ आली! कांहीं गांडुळें कडांवर चढलीं होतीं. बाकीचीं मरून पडलीं होतीं. पाहुण्यांना जेवावयास बोलावून पेटत्या चुलीवर बसविण्याचाच हा प्रकार झाला.

चूक कोठें झाली? पाला व शेण कुजूं लागलें म्हणजे सूक्ष्म जंतूंच्या खटाटोपानें ढिगाची उष्णता ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढूं शकते. या गांडुळांना २० ते ३० अंश मानवतात. शिवाय गांडुळाला दांत नसतात. त्याच्या पोटांत स्नायूंचें एक जातेंच असतें. तेथें मातीच्या कणांबरोबर अन्न भरडलें जातें. पण कोरडी काडी त्याच्या उपयोगाची नाहीं. जंतूंनीं मऊ केलेला काडीकचरा, आणि त्याबरोबर ते जंतूही, हें त्याचें खरें अन्न. आतां पाचटांत नत्राच्या एका भागास कर्बाचे शंभराच्या आसपास भाग असतात. इतक्या अल्प नत्रावर जंतूही जोमानें वाढत नाहींत. म्हणून त्यास शेणाची जोड द्यावी लागते.

दुसऱ्या वर्षीं मीं पाचटाचे बारीक तुकडे केले, वजनानें तितकेंच शेण कालविलें, पाणी शिंपडलें आणि ढीग सावलींत तीन आठवडे ठेवून दर आठवड्यास वरखालीं केला. आंत हात घातल्यावर ऊब लागेनाशी झाली, तेव्हांच गांडुळें सोडलीं व वर ओलें गोणपाट टाकलें. मूठ दाबली असतां बोटांच्या फटींत ओल दिसावी, धार लागूं नये, एवढेंच पाणी दिलें. अडीच महिन्यांनीं चहाच्या भुकटीसारखें काळें, मोकळें खत हातीं आलें.

शहरांतील गृहिणींनाही गच्चीवरील पेटींत हेंच करतां येईल. भाजीचे देठ, मटारचीं टरफलें, वाळका पाला हें सर्व चालतें. तेलामिठाचें उष्टें, लिंबाच्या सालींचा ढीग व औषध फवारलेला पाला मात्र नको. आणि जें घालाल तें आधीं थोडें कुजूं द्या.

यंदा माझ्या बांधाशेजारच्या दोघां शेतकऱ्यांनीं पाचट पेटविलें नाहीं. परवां ते गांडुळें मागावयास आले होते. तीन आठवड्यांनीं या, असें मीं त्यांस सांगितलें आहे.