धंद्याची दुसरी वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु मंडळाच्या फराळ विभागात तळणीपाशी मी बारा वर्षे उभी आहे, तेथला एक अनुभव सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी एका कारखान्याकडून चारशे डब्यांची मागणी आली. आम्ही हरखून गेलो. पण मागणीबरोबर एक छापील कागद होता. इंधन किती जाळता, पाणी किती वापरता, कचरा आणि उरलेले तेल कोठे जाते, ते लिहून द्या. मी म्हटले, चकली खुसखुशीत झाली की झाले, ही चौकशी कशाला?

माझा पुतण्या कारखान्यात नोकरीस आहे. त्याने उलगडा केला. पर्यावरण सांभाळण्यासंबंधी आय. एस. ओ. १४००१ नावाचे एक मानक आहे. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते १९९६ साली काढले, २००४ व २०१५ साली सुधारले आणि २०२४ साली त्यात हवामानबदलाचा विचार घातला. माल कोठून येतो, वापरून झाल्यावर त्याचे काय होते, हेही कारखान्याने पाहावे, असे २०१५ च्या सुधारणेत आले. म्हणून तो कागद आमच्या कढईपर्यंत पोचला.

धूर अमुक, पाणी तमुक, असा आकडा हे मानक सांगत नाही. कायदा पाळा, आपल्या कामाने काय नासते ते शोधा, ते कमी करा, नोंद ठेवा, पडताळा आणि पुन्हा सुधारा, एवढेच त्याचे म्हणणे. आपण घरखर्चाची वही ठेवतो, तशीच ही दुसरी वही!

रात्री कागद भरायला बसलो, तो तेलाच्या रकान्यापाशी हात अडला. काळे पडलेले तेल आम्ही सरळ मोरीत ओतत होतो. ते गटारे तुंबवते, पाणी नासवते, आणि आपली मुठा तर हाकेच्या अंतरावर. मी म्हटले, "काकू, 'योग्य विल्हेवाट' असं लिहू. कोण बघायला येतंय?" काकू म्हणाल्या, "अगं, आपण बघितलंय ना?"

आम्ही खरे ते लिहिले. चारशेची मागणी दोनशेवर आली. सुधारणा करा, मग पाहू, असा निरोप मिळाला. दोघी-तिघी काकूंवर रुसल्या. त्यांच्या घरी दिवाळीचे पैसे कमी गेले, ते मी विसरलेले नाही.

मग मात्र आम्ही कंबर कसली. तेल वारंवार तापवून त्यातले बिघडलेले घटक शेकडा २५ च्या वर गेले, तर ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची असते. आमचे तेल तेवढे नाही, तरी आम्ही वही घातली. जुने तेल गाळून डब्यात साठवतो आणि परवाना असलेल्या माणसाकडे देतो. त्यापासून गाड्यांचे इंधन होते. मिठाईच्या खोक्यांवरचा प्लास्टिकचा पापुद्रा १ जुलै २०२२ पासून बंद आहे, म्हणून आम्ही डबा सुती दोऱ्याने बांधतो. तळण एकाच बैठकीत उरकतो, त्यामुळे गॅसही वाचतो.

यंदाची मागणी अजून आलेली नाही. येईल किंवा न येईल, वही मात्र चालू राहील.

कुणाचे शिवणकाम आहे, कुणाचे मसाले आहेत. कागद दारात येण्याची वाट पाहू नका. आजच एक वही घाला आणि पहिल्या पानावर आपली चूक लिहा. आपले कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली येथे आश्रम आणला आणि बाईच्या हाती लेखणी दिली. त्या लेखणीने खोटे लिहू नये, इतकेच मला सांगायचे होते.