बुबुलिना: आगामेम्नॉन जहाजाची मालकीण

आज ऐकू या ग्रीस देशातल्या लास्करिना बुबुलिनाची गोष्ट. तिचा जन्म १७७१ सालचा, आणि तोही तुरुंगात!

तेव्हा ग्रीसवर तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याचं राज्य होतं. त्या राज्याविरुद्धच्या बंडात भाग घेतला म्हणून तिच्या वडिलांना कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, कैदेत टाकलं होतं. दिवस भरलेली आई त्यांना भेटायला गेली आणि तिथंच बाळंत झाली. वडील लवकरच वारले. लेक पुढं स्पेत्सेस बेटावर दर्यावर्दी माणसांत वाढली.

तिची दोन लग्नं झाली. दोन्ही नवरे जहाजांचे कप्तान होते, आणि दोघंही समुद्री चाच्यांशी लढताना मारले गेले. १८११ मध्ये ती दुसऱ्यांदा विधवा झाली, तेव्हा पदरात मुलं होती आणि मागं नवऱ्याचा पैसा, जहाजं. कारभार तिनं स्वतः हातात घेतला आणि वाढवला. पुढं सरकारला ती मालमत्ता जप्त करायची होती. नवरा रशियाच्या बाजूनं तुर्कांशी लढला होता, हे कारण सांगितलं गेलं. बाई घाबरून घरात बसली नाही. थेट राजधानीत गेली, रशियाचे राजदूत स्ट्रोगानोव यांची मदत मागितली आणि आपली मालमत्ता राखली.

एवढ्या खटपटीनं राखलेल्या पैशाचं तिनं काय केलं? ‘आगामेम्नॉन’ नावाचं १८ तोफांचं जहाज बांधलं. मार्च १८२१ मध्ये उठाव झाला आणि ती स्वतः जहाजं घेऊन निघाली. तिनं नाफ्प्लिओच्या किल्ल्याला समुद्राकडून वेढा घातला. खलाशांचा पगार, माणसांचं जेवणखाण, दारूगोळा, सगळा खर्च तिचा. त्याच वर्षी आर्गोसजवळ लढताना तिचा मुलगा पडला. तरी वेढा तिनं सोडला नाही.

त्रिपोलित्सा शहर ग्रीकांनी जिंकलं, तेव्हा तिथल्या हजारो मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल झाली. त्या गदारोळात बुबुलिनानं पाशाच्या जनानखान्यातल्या बायकांना वाचवलं. शत्रूच्या घरच्या असल्या, तरी त्या बायकांनी तलवार उचललेली नव्हती.

पुढं ग्रीकांमध्येच आपसात भांडणं लागली. तिचा जावई मारला गेला, आणि सरकारनं तिला स्पेत्सेसला परत पाठवलं. तोवर पैसा लढाईत संपला होता. १८२५ मध्ये तिचा एक मुलगा एका मुलीला घेऊन पळाला. मुलीचे नातेवाईक भांडायला दारात आले, बाचाबाची झाली, कुणीतरी गोळी झाडली आणि बुबुलिना ठार झाली. तोफांसमोर उभी राहिलेली बाई घरगुती भांडणात गेली. ग्रीसचं स्वातंत्र्य १८३० मध्ये मान्य झालं, ते तिनं पाहिलं नाही.

पुढं ग्रीसच्या एक द्राख्माच्या नाण्यावर तिचा चेहरा आला. स्पेत्सेसवरचं तिचं घर आज संग्रहालय आहे.

मैत्रिणींनो, तलवारीच्या आधी तिनं हिशेबाची वही हातात घेतली होती. पैसा स्वतःच्या ताब्यात होता, म्हणून तो कशासाठी खर्चायचा हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. आपल्या घरातले कागद कुणाच्या नावावर आहेत, हे आज एकदा काढून बघा.