कच्चें मडकें, पक्कें मडकें
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आपल्याच धाराशिव जिल्ह्यांतील एका गांवाचें उदाहरण घेऊन दोन शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें. तें गांव तेर. प्राचीन काळीं ‘तगर’ या नांवानें तें पाश्चात्य व्यापाऱ्यांसही ठाऊक होतें. संत गोरा कुंभार तेथलेच, इ. स. १३१७ मध्यें ते समाधिस्थ झाले असें परंपरा सांगते. संतांच्या मेळाव्यांत गोरोबाकाकांनीं थापटण्यानें एकेकाचें डोकें थापटून पाहिलें व नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे.

परंतु मडकें पक्कें होणें म्हणजे काय? चाकावरील ओल्या मातीपुढें सर्व वाटा मोकळ्या असतात. तिची घागर होईल, रांजण होईल, पणतीही होईल. बिघडली तर कुंभार ती पुन्हा घडवितो. यिर्मया संदेष्ट्यानें हेंच पाहिलें. वाळलेलें कच्चें मडकेंही भिजवून पुन्हा माती करतां येतें. पण त्यांत पाणी मात्र टिकत नाहीं. आव्यांत भाजलेली घागर पुन्हा कधीं पणती होऊं शकत नाहीं. पण तहानलेल्याची तहान तीच भागविते. तेरच्या वस्तुसंग्रहालयांत सातवाहनकालीन भाजक्या मातीच्या मूर्ति आजही पाहावयास मिळतात.

आमचेंच सांगतों. सेमिनरींत असतां एका शाळेंत मास्तरकीची जागा देऊं, असें एका सद्गृहस्थांचें पत्र आम्हांस आलें. तें आम्हीं ट्रंकेच्या तळाशीं जपून ठेविलें. कोणाचा शब्द लागला, मन खट्टू झालें, कीं तें काढून वाचावें! त्यामुळें ना अध्ययनांत चित्त, ना प्रार्थनेंत. घरची स्थिति बेताची. त्या पगारावर आईची आशा होती. दीक्षेच्या आदल्या रात्रीं तें पत्र आम्हीं चुलींत घातलें. डोळ्यांस पाणी आलें, हें लपवीत नाहीं. परंतु कित्येक महिन्यांनंतर त्या रात्रीं आम्हांस गाढ झोंप लागली.

ओलें मडकें घाईनें आव्यांत घातलें तर तडकतें, हेंही खरें. म्हणून निवड करण्यापूर्वीं विचार करावा, वडीलधाऱ्यांस पुसावें, प्रार्थना करावी. परंतु मृगाच्या पावसावर सोयाबीन पेरल्यावर शेजाऱ्याच्या तुरीकडे पाहून हळहळत बसणाऱ्याच्या रानांत तणच माजतें. विवाह असो, गांवीं राहणें असो वा पुण्यास जाणें असो. जी वाट सोडली तिला निरोप द्यावा, म्हणजे जी धरली तिच्यावर पाय स्थिर पडतो. समाधान सर्व कांहीं हातीं ठेवण्यांत नाहीं. जें एक घेतलें त्यांत पाणी भरण्यांत आहे.

प्रभु आपणां सर्वांस तसें पक्कें करो, हीच प्रार्थना.