सामायिक पानावर लिहितांना
(महोत्सवानिमित्त पालक व शिक्षक यांच्यापुढें केलेलें भाषण)



आरंभींच एक कबुली देतों. कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या एका पुस्तिकेंत वसईच्या किल्ल्याचें सुरेख छायाचित्र मीं महाजालावरून घेऊन छापविलें. त्याखालीं छायाचित्रकाराचें नांव नव्हतें. धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एका मुलानें विचारिलें, "फादर, हें चित्र तुम्हीं काढिलें काय?" मला मान खालीं घालावी लागली. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यानें वर्गांत शिकविण्यापुरती शिक्षकांस बरीच मोकळीक दिली आहे. पण छापून वांटलेल्या पुस्तिकेस तिचा आधार कसा घेतां येईल? शिवाय आपल्या कृतीवर आपलें नांव असावें, हा कर्त्याचा हक्क त्याच कायद्याच्या ५७व्या कलमानें मान्य केला आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तेथें कोणींही लिहावें, कोणींही सुधारावें. मात्र प्रत्येक फेरफार दिनांकासह त्याच्या 'इतिहासां'त राहतो. तेथील मजकूर घेण्यास मनाई नाहीं. मूळ लेखाचा निर्देश करावा, बदल केला असल्यास तसें सांगावें, आणि त्यावरून रचिलेलें आपलें लेखनही त्याच अटींवर इतरांस खुलें ठेवावें, एवढेंच मागणें. २००७ मध्यें सर्वांस खुलें झालेलें अमेरिकेंतील 'स्क्रॅच' याच वळणाचें आहे. एका मुलाचा खेळ दुसऱ्यानें घेऊन वाढविला कीं पहिल्याचें नांव तेथें आपोआप येतें. पण यंत्रानें घातलेलें नांव म्हणजे मुलानें मानिलेले आभार नव्हेत. ते त्यानें स्वतःच्या शब्दांत लिहावे, त्यासाठीं तेथें निराळी जागा ठेविली आहे.

आतां एका शाळेंतील हकीकत ऐका. चार मुलांनीं मिळून गांवच्या बावखलांवर संगणकावरील सामायिक पानांत निबंध लिहिला. अशा पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडून कोणीं काय लिहिलें तें पाहतां येतें. शिक्षकांनीं पाहिलें, तों एका मुलीच्या नांवावर दोनच ओळी! तिचे गुण कापले गेले. ती कांहींच बोलली नाहीं. पुढें कळलें कीं तिच्या घरीं फोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर. बावखलाच्या पाण्यावर वाड्या कशा शिंपीत, रहाट कसा चाले, हें सारें तिनें आजोबांस विचारून मैत्रिणीस तोंडीं सांगितलें होतें. आणि निबंधांतील उत्तम भाग तोच होता. नोंद होते ती बोटांची! शिक्षकांनीं चूक वर्गापुढें कबूल करून गुण बदलले. मला त्यांचा आदर वाटला. शिक्षकांस माझी विनंती एवढीच कीं, नोंदी जरूर पाहाव्या, पण निकाल देण्यापूर्वीं मुलांस जवळ बसवून विचारावें.

पालकहो, खातें उघडतांना मुलाजवळ बसा. विकिपीडियावर खऱ्या नांवाची सक्ती नाहीं. मग पत्ता व शाळा कशास सांगावी? दुसऱ्याच्या मुलाचें छायाचित्र त्याच्या आईबापांस विचारल्यावांचून चढवूं देऊं नका.

यंदाच्या स्मरणिकेंत प्रत्येक छायाचित्राखालीं नांव आहे. दोन चित्रांचे कर्ते सांपडले नाहींत. समितीस वाईट वाटलें, तरी तीं चित्रें गाळिलीं आहेत.