वजनकाट्याला कळत नाही ते

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत एका सभासद भगिनींनी क्लब हाऊसमध्ये दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सांस्कृतिक समितीनं मला ‘आहार आणि आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. पण समितीतल्या ताई म्हणाल्या, “मॅडम, दोन वर्षांपूर्वी गणपतीत काय झालं ते सांगा ना!” मग मात्र नाही म्हणता येईना. कारण ते निम्म्या सोसायटीनं पाहिलेलंच आहे.

त्या वर्षी माझी तीन महिन्यांची साखर ६.३ आली. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. वजन ७२ किलो. मी घाबरले आणि मनानंच डाएट सुरू केलं. सकाळी फळं, दुपारी एक पोळी, काकडी-गाजर, पातळ आमटी, रात्री नुसतं सूप. शिवाय बिल्डिंगला रोज दहा फेऱ्या. पाच महिन्यांत आठ किलो उतरले. लिफ्टमध्ये जो भेटेल तो म्हणायचा, “काय मस्त बारीक झालात हो!” मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग गणपती आले. याच हॉलमध्ये आम्ही सगळ्या जणी खाली बसून मोदक वळत होतो. तासाभरानं आरतीची घंटा झाली, सगळ्या उठल्या. मला उठता येईना. पाय आखडले असतील असं वाटलं. पुन्हा जोर लावला, पण मांड्यांत ताकदच नव्हती. शेवटी बी विंगमधल्या दोन मुलांनी काखेत हात घालून मला उभं केलं. सगळे हसले, मीही हसले. पण रात्री झोप लागली नाही. घरी एकटी असताना बाथरूममध्ये असं झालं तर?

आमच्या डॉक्टरांनी मला हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. तिसऱ्या वेळेलाच दम निघाला. ते म्हणाले, “तुमचे आठ किलो उतरले खरे, पण त्यातली सगळी चरबी नव्हती. स्नायूही गेलेत.”

आपल्या बिल्डिंगचं मागे स्ट्रक्चरल ऑडिट झालं, आठवतंय? रंग तर नुकताच काढला होता. इंजिनिअर रंगाकडे बघतही नव्हते, ते कॉलम ठोकून बघत होते. वजनकाटा म्हणजे नुसता रंग बघणारा माणूस. किलो गेला एवढं त्याला कळतं, चरबीचा गेला की स्नायूचा, हे कळत नाही.

आणि आपल्या लोकांना हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा : २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांना एकच मार्क देणार! डॉ. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं अशी लहानखुरी, त्यांचे स्नायूही कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नाही. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबी. अशा माणसानं उपाशी राहून उरलेसुरले स्नायूही घालवले, तर काय होणार?

मग प्रश्न असा की, चरबी कमी करता करता स्नायू वाढवता येतात का? पुष्कळजण म्हणतात, चरबीचा स्नायू होतो. तसं काही होत नाही, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पण शरीराला लागणारी ऊर्जा थोडी कमी मिळाली, तर ती साठवलेल्या चरबीतून काढता येते. आणि स्नायूंवर भार पडला, वर पुरेशी प्रथिनं मिळाली, तर त्याच काळात स्नायूंची बांधणीही चालू राहू शकते.

हे मी वाचायला लागले, तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ सालचा एक प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. चार आठवडे लोकांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांक दिले आणि आठवड्यातले सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला. एका गटाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्याला २.४ ग्रॅम. दुसऱ्या गटाची चरबी ४.८ किलोनं घटली आणि चरबीखेरीजचं वजन १.२ किलोनं वाढलं. पहिल्या गटात चरबी ३.५ किलो घटली, बाकीचं वजन जवळपास तेवढंच राहिलं. म्हणजे होतं की! मी खूश. मग विचारलं, माणसं कोण? तर चाळीस तरुण पुरुष. माझ्यासारखी साठीची बाई त्यात एकही नाही. प्रयोग खोटा नाही, पण तो माझा नाही.

माझ्या जवळचा प्रयोग अमेरिकेतला, २०१७ सालचा. पासष्टीपुढचे १६० लठ्ठ स्त्री-पुरुष, सहा महिने. आहार कमी करणाऱ्या तीन गटांचं वजन साधारण सारखंच, नऊ टक्के उतरलं. पण ज्यांनी नुसता चालण्यासारखा, दम लावणारा व्यायाम केला, त्यांचं चरबीखेरीजचं वजन पाच टक्के घटलं. ज्यांनी वजनं उचलली, त्यांचं दोन टक्के. दोन्ही करणाऱ्यांचं तीन टक्के, आणि चालणं-उठणं-बसणं सर्वांत जास्त सुधारलं ते याच गटाचं. नीट ऐका हं, या वयात डाएट करताना स्नायू थोडे घटलेच. जाहिरातीतल्यासारखे दंड फुगले नाहीत. पण नुकसान निम्म्यावर आलं आणि ताकद वाढली.

आणि “आता आमचं काय राहिलंय” म्हणणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक सांगते. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा भारी व्यायाम करून घेतला. एकानं मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं फक्त नऊ, हे विसरायचं नाही. पण नव्वदीतही स्नायू ऐकतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे वळते. कोणी रागावू नका. सोमवारी येतं, तूप अमृत. गुरुवारी येतं, तूप विष. दोन्हींखाली लिहिलेलं असतं, ‘संशोधनातून सिद्ध’. २०१५ साली जॉन बोहॅनन नावाच्या विज्ञान पत्रकारानं मुद्दाम एक कच्चा प्रयोग जर्मनीत घडवून आणला. ‘चॉकलेट खाल्ल्यानं वजन लवकर उतरतं’ असा निष्कर्ष काढला, तो एका नियतकालिकात छापूनही आला आणि देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. माणसं होती पंधरा, तेही तीन गटांत. मोजलेल्या गोष्टी मात्र अठरा! मी वर्गात सांगायचे, लॉटरीची अठरा तिकिटं काढलीत तर एखादं लागायचंच. आमच्या शास्त्राच्या नेहमीच्या कसोटीनं अठरा वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या, तर निव्वळ योगायोगानं एखादी तरी ‘सिद्ध’ होण्याची शक्यता साठ टक्के असते.

म्हणून फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारा. माणसं कोण होती? किती होती? किती दिवस पाहिलं? आणि प्रत्यक्ष करून पाहिलं की नुसतं विचारून लिहिलं? हा चौथा प्रश्न महत्त्वाचा. आपल्या सकाळच्या योगवर्गाला येणाऱ्यांची साखर न येणाऱ्यांपेक्षा चांगली निघाली, तर ती योगामुळे का? की ज्यांचे गुडघे धड आहेत, ज्यांना सकाळी डबे करायचे नाहीत, तेच येऊ शकतात म्हणून? चिठ्ठ्या टाकून गट पाडल्याशिवाय हे सांगता येत नाही. शिवाय आपण काय खातो हे आपल्यालाच नीट आठवत नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, “आम्ही इतकं कमी खातो तरी वजन उतरत नाही,” म्हणणाऱ्यांचं खाणं शास्त्रशुद्ध पद्धतीनं मोजलं. ते प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. लबाडीनं नव्हे हो. येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा कोण मोजतं?

मग मी माझंच ताट मोजलं. आयसीएमआरची २०२० सालची शिफारस आहे, दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं. माझ्या ६४ किलोला झाले साधारण ५३ ग्रॅम. आणि माझ्या डाएटमध्ये होते जेमतेम वीस! मी भूक मारत नव्हते, स्नायू मारत होते.

आपल्या घरातला हिशेब सोपा आहे. एक पोळी सुमारे तीन ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण पाच-सहा. अंडं सहा. पेलाभर दूध सहा. मूठभर शेंगदाणे सात. शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, तेवढंच चिकन किंवा बांगडा वीसेक. कोरडे सोयाबीनचे वडे तीस ग्रॅम घेतले तर पंधरा. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी? त्यातली प्रथिनं जवळजवळ सगळी दाण्याच्या कुटाची, साबुदाण्याची नाहीतच म्हणा. मी आमटी घट्ट केली, संध्याकाळी दही किंवा मोड आलेली उसळ वाढवली, सकाळी दोन अंडी. भात आणि गोड कमी केलं, बंद नाही.

तरुण मुलं विचारतील, “काकू, पावडर?” ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१८ साली झाला. वजनं उचलणाऱ्यांचं चरबीखेरीजचं वजन नुसत्या व्यायामानं सरासरी १.१ किलो वाढलं, जादा प्रथिनांनी त्यात भर पडली फक्त ०.३ किलोची. दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे तर भर दिसलीच नाही. म्हणजे बाबांनो, पावडरचा डबा घ्यायचा तर घ्या, पण डबा उचलण्यापेक्षा डंबेल उचला!

मी काय करते? आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, जिन्याच्या दोन पायऱ्या चढ-उतार. सोपं वाटायला लागलं की भार थोडा वाढवायचा, सगळी मेख इथेच आहे. बाकीचे दिवस फेऱ्या. सुरुवातीला अर्ध्या मिनिटात सात वेळा उठू शकत होते, आता चौदा. आज माझं वजन ६५ आहे, म्हणजे काट्याच्या हिशेबानं एक किलो वाढलं. पण कमरेची टेप चार सेंटीमीटर आत आली आणि साखर ५.८ वर. हेही एकाच बाईचं आहे. आत्ताच सांगितलेले चार प्रश्न मलाही लावा!

एक विनंती. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी विचारा, साखर एकदम उतरू शकते. हृदयाचा त्रास, गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर व्यायामाआधीही विचारा.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा लिफ्ट सुरू व्हायची होती. आपणच गादी-कपाटं जिन्यानं चढवली. आता पाण्याचा जार आणायलाही वॉचमनदादांना हाक मारतो. म्हणून कमिटीला सुचवते, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता हा हॉल उघडा ठेवा. साहित्य काही नको, या खुर्च्या पुरेत. मी येणार आहे.

यंदाच्या गणपतीत मी पुन्हा खालीच बसून मोदक वळले. आरतीला माझी मी उठले. बी विंगमधली ती दोन मुलं धावत आली होती, त्यांच्या हातावर मी एकेक मोदक ठेवला.