परसातील कोंबड्या आणि पिलांची मागणी

२०१९ च्या पशुगणनेत देशात परसातील कोंबड्या सुमारे ३१.७ कोटी भरल्या. गावठी कोंबडी २१ दिवस खुडूक बसून पिले काढते. हैदराबादेत सिद्ध झालेली ‘वनराजा’ अंडी अधिक देते, पण खुडूक क्वचितच बसते. साहजिकच गृहिणीला पिलांसाठी पुन्हा उबवणी केंद्र गाठावे लागते. पोटातील बलकावर पिलू दोन दिवस तग धरते, म्हणून प्रवास साधतो. पुढे मात्र आईच्या पंखांची ऊब दिव्याने द्यावी लागते आणि राणीखेतच्या लशीचे थेंबही वेळेवर घालावे लागतात. यात चूक झाली, की गरिबाचे भांडवलच बुडते. तेव्हा पिले महिनाभर जोपासून मगच विकणारी केंद्रे तालुक्यातालुक्यांत वाढावीत, हेच श्रेयस्कर.